आधी भरड, मग बारीक : घरगुती साहित्यातून अजिंठ्याच्या दरीची प्रतिकृती

आपल्या शाळेच्या प्रदर्शनात काही प्रतिकृती दरवर्षी ठरलेल्याच असतात. सांचीचा स्तूप, नागपूरची दीक्षाभूमी, महाडचे चवदार तळे आणि अजिंठ्याची लेणी. मुले त्या मनापासून करतात, पालक कौतुकाने पाहतात आणि दुसऱ्या दिवशी त्या अडगळीच्या खोलीत जातात. चित्रकलेचा शिक्षक म्हणून मीही अनेक वर्षे या क्रमात समाधानी होतो.

एका वर्षी आठवीच्या विद्यार्थ्यांनी माझ्या देखरेखीखाली अजिंठा केला. थर्मोकोलचे पत्रे कापून टोकदार शिखरांचा डोंगर उभा राहिला. त्यावर डब्यातील फवाऱ्याचा रंग मारताच थर्मोकोल विरघळू लागले आणि डोंगराला भगदाडे पडली. रात्र थोडी होती. आम्ही ती भगदाडे हिरव्या चमकीच्या कागदाने झाकली आणि खाली निळ्या कागदाची नदी चिकटवली. दुसऱ्या दिवशी फर्दापूरच्या बाजूचे एक पालक त्या प्रतिकृतीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग संकोचाने म्हणाले, “गुरुजी, आमच्याकडचा डोंगर असा टोकाचा नाही. वर सपाट असतो, अन् खाली थरावर थर.”

त्यांचे म्हणणे खरे होते. ती चूक मुलांची नव्हती, माझी होती. ज्या मुलांनी अजिंठा पाहिला नव्हता त्यांच्या डोळ्यांत मी एक खोटा डोंगर बसवला होता. वसतिगृहातील कित्येक मुलांची घरे अशी आहेत की सहल काढून अजिंठ्याला जाणे त्यांना परवडत नाही. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आजी-आजोबांसाठी शाळेतील प्रतिकृती हेच अजिंठ्याचे पहिले, कदाचित एकमेव, दर्शन असते. म्हणून ती दिखाऊ असण्यापेक्षा खरी असणे अगत्याचे आहे. त्यानंतरच्या वर्षांत आम्ही जे शिकलो ते येथे पाठाच्या स्वरूपात मांडतो. यासाठी लागणारे जवळजवळ सारे साहित्य घरात, अंगणात वा वर्गात मिळते.

१. हात लावण्यापूर्वी पाहणे

महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या लाव्हारसाचा बनला आहे. लाव्हाचा एक लोट आला, थंड झाला, त्यावर दुसरा आला. असे थर एकावर एक आडवे साचत गेले. म्हणून सह्याद्रीत आणि सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेत डोंगराचे माथे सपाट दिसतात आणि कडे पायऱ्यांसारखे उतरतात. याच खडकाला आपण काळा पाषाण वा बेसॉल्ट म्हणतो.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वाघूर नदीने या थरांतून अर्धवर्तुळाकार वळण घेत खोल दरी कोरली आहे. दरीच्या वरच्या अंगाला पाणी सात कुंडांतून टप्प्याटप्प्याने खाली उतरते. नदीच्या वळणाबाहेरील कड्यात घोड्याच्या नालेच्या आकारात सुमारे ३० लेणी आहेत. सर्वांत जुनी लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरण्यास आरंभ झाला. नंतरच्या लेण्यांचे काम मुख्यत्वे पाचव्या शतकात, वाकाटक नृपती हरिषेण याच्या काळात झाले. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला समोरच्या डोंगरावरून दहाव्या लेण्याची कमान दिसली, आणि बाहेरच्या जगाला अजिंठा पुन्हा ठाऊक झाला.

हे सारे इतिहासाच्या तासाला येतेच. प्रतिकृती करणाऱ्याने त्यातून दोन गोष्टी हाताशी ठेवाव्यात. डोंगर आडव्या थरांचा आहे, आणि लेणी नालेच्या आतल्या अंगाला, नदीकडे तोंड करून आहेत. एवढे डोळ्यांत बसले की अर्धे काम झाले.

२. लेण्यांच्या भिंतीने दिलेला नियम

अजिंठ्याची चित्रे थेट दगडावर काढलेली नाहीत. छिन्नीने खडबडीत ठेवलेल्या भिंतीवर प्रथम मातीचा भरड गिलावा दिला जाई. त्या मातीत भाताचा कोंडा, गवत आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले असत. त्यावर अधिक बारीक मातीचा थर, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि सर्वांत शेवटी रंग. रंगही बहुतेक मातीचे वा घरगुती होते. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढऱ्यासाठी चुना वा पांढरी माती. दूरदेशाहून आणावा लागे तो मुख्यतः निळा लाजवर्द.

म्हणजे ज्या चित्रांसाठी जग अजिंठ्याला येते ती चित्रे चिखल आणि कोंडा यांच्या आधारावर उभी आहेत. हे कळल्यावर आमच्या मुलांना जुन्या वर्तमानपत्राची आणि चहाच्या चोथ्याची लाज वाटेनाशी झाली.

या गिलाव्यातून प्रतिकृतीसाठी एक नियम मिळतो: पाया खडबडीत, मग भरड थर, मग बारीक थर, शेवटी रंग. हा क्रम मोडला की काम फसते. गुळगुळीत पुठ्ठ्यावर लगदा धरत नाही, आणि बारीक थरावर भरड थर दिला तर तो वाळून सुटतो. पुढील सर्व कृती याच क्रमाने येतील.

३. माप : एक मीटर म्हणजे दोन मिलिमीटर

लेण्यांचा विस्तार कड्याच्या वळणाने सुमारे ५५० मीटर आहे आणि कडा सुमारे ७६ मीटर उंच आहे. १ : ५०० हे प्रमाण घेतले तर प्रत्यक्षातील एक मीटर प्रतिकृतीत दोन मिलिमीटर होतो. कड्याची लांबी ११० सेंटिमीटर आणि उंची साधारण १५ सेंटिमीटर येते. ११० सेंटिमीटरचे अर्धवर्तुळ काढण्यास ३५ सेंटिमीटर त्रिज्या लागते. ९० सेंटिमीटर लांब व ७५ सेंटिमीटर रुंद अशा फळीवर हे सारे सुखाने बसते.

याच मापाने दहावे लेणे, जे सुमारे ३०.५ मीटर खोल व १२.२ मीटर रुंद आहे, ते ६ सेंटिमीटर खोल व अडीच सेंटिमीटर रुंद होईल. माणूस जेमतेम साडेतीन मिलिमीटरचा होईल. दहा मीटरचे झाड दोन सेंटिमीटरचे.

पोत बिघडतो तो बहुधा याच ठिकाणी. मुलांना हे समजावे म्हणून मी स्वयंपाकघरातील चार दाणे फळीवर ठेवतो. जाड्या रव्याचा कण साधारण एक मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या मीटरचा धोंडा. मोहरीचा दाणा म्हणजे एक मीटरची शिळा. मुगाचा दाणा दोन मीटरचा, माणसाहून उंच. तांदळाचा दाणा आडवा ठेवला तर तीन मीटरचा खडक. मग अंगणातून उचललेली बोटभर खडी नदीत टाकली तर ती केवढी होते, हे मुले स्वतःच सांगतात: “सर, ही तर तीन-चार मजली इमारत झाली.”

हे दाणे केवळ मोजण्यासाठी. प्रतिकृतीत धान्य वापरू नये. त्याला किडे व मुंग्या लागतात, आणि जेथे दोन वेळच्या अन्नाची किंमत सर्वांना ठाऊक आहे तेथे ते शोभतही नाही. धान्याऐवजी नदीची धुतलेली वाळू घ्यावी आणि ती घरच्या तीन चाळण्यांतून गाळावी. पिठाच्या चाळणीतून पडते ती बारीक, रव्याच्या चाळणीतून पडते ती मध्यम, वर राहते ती भरड. या तीन डब्यांवर दरीतील सारे धोंडे, रेती आणि पाऊलवाटा भागतात.

४. पाया : पुठ्ठ्याचे थर

किराणा दुकानातील खोक्यांचा जाड पुठ्ठा सुमारे पाच मिलिमीटरचा असतो. असे तीस थर एकावर एक ठेवले की १५ सेंटिमीटरचा कडा होतो. लाव्हाचे थर दाखवण्यास याहून चांगले साहित्य मला आढळले नाही, कारण डोंगर जसा साचला तसाच तो येथे साचतो. एक थर म्हणजे प्रत्यक्षातील अडीच मीटर.

प्रत्येक थर वळणाच्या रेषेवर कापावा, परंतु दर्शनी कड कात्रीने न कापता हाताने फाडावी. फाटलेली कड खडबडीत राहते आणि लगद्याला पकड देते. काही थर एखाद-दोन मिलिमीटर पुढे, काही मागे ठेवावेत आणि मध्येच एखादा थर सेंटिमीटरभर आत घेऊन पायरी पाडावी. संपूर्ण थर पुठ्ठ्याचे करण्याची गरज नाही. दर्शनी बाजूस आठ-दहा सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या पुरतात. मागील पोकळीत वर्तमानपत्राचे घट्ट बोळे भरावेत. माथा मात्र सपाटच ठेवावा.

लेण्यांच्या जागा थर चिकटवतानाच सोडाव्या लागतात. लेणी नदीपात्रापासून सुमारे १० ते ३३ मीटर उंचीवर आहेत, म्हणजे प्रतिकृतीत २ ते साडेसहा सेंटिमीटर. सर्व लेणी एका ओळीत, एका उंचीवर बसवू नयेत. ९, १०, १२ व १३ ही जुनी लेणी जवळजवळ आहेत. नंतरची त्यांच्या दोन्ही बाजूंस पसरत गेली. एवढे जरी पाळले तरी पाहणाऱ्यास कालक्रम समजावून सांगता येतो.

शेवटी एक भाग फेविकॉल व तीन भाग पाणी यांचे मिश्रण सर्व पुठ्ठ्याला आतून-बाहेरून लावून वाळवावे. हा हात चुकवला तर ओला लगदा पडताच पुठ्ठा फुगतो व वाकतो. पाते वापरण्याचे काम शिक्षकांनी वा पालकांनीच करावे.

५. भरड थर आणि बारीक थर

दहा-बारा वर्तमानपत्रांचे बारीक तुकडे करून एक दिवस पाण्यात भिजवावेत, अर्धा तास उकळावेत आणि निवल्यावर खलबत्त्यात वा पाट्यावर ठेचून घट्ट पिळावेत. चार वाट्या लगद्याला एक वाटी मैद्याची शिजवलेली खळ, अर्धी वाटी चाळलेली माती आणि दोन चमचे मेथीची पूड घालून मळावे. जुन्या पिढीतील आयाबायांना ही कृती नवी नाही. कागदाच्या लगद्याच्या टोपल्या त्या अशाच मेथी घालून करीत. मेथीने लगदा चिकट होतो आणि किडीचा उपद्रव कमी होतो. अजिंठ्याच्या गिलाव्यातील कोंडा व तंतू किडीने पोखरल्यामुळे चित्रांची हानी झाली आहे. तेव्हा ही काळजी क्षुल्लक मानू नये.

लगद्याचा थर तीन-चार मिलिमीटरहून जाड नसावा. जाड थर आतून ओला राहतो, त्याला बुरशी येते व वरून भेगा पडतात. पुठ्ठ्याच्या थरांच्या रेषा पूर्ण बुजू देऊ नयेत. त्या पुसट दिसत राहिल्या तरच तो आपला डोंगर वाटतो.

लगदा बोटाला चिकटेनासा झाला, पण अजून दबतो आहे, अशा वेळी रस्त्याच्या कडेला पडलेली काळ्या दगडाची ताजी फुटलेली खडी घ्यावी, पाण्यात बुडवावी आणि तिची फुटकी बाजू लगद्यावर दाबत जावे. काळा पाषाण लहान तुकड्यात जसा फुटतो, मोठ्या कड्यातही त्याचे रूप पुष्कळसे तसेच दिसते. म्हणून दगडाचा ठसा दगडानेच घ्यावा. प्रत्येक वेळी खडी फिरवावी, नाहीतर एकच नक्षी उमटत राहते आणि डोळा ते लगेच ओळखतो.

दोन-तीन दिवस सावलीत व नंतर उन्हात वाळवावे. पावसाळ्यात हे काम काढू नये. पूर्ण वाळल्यावर पायऱ्यांवर व कड्याच्या पायथ्याशी पातळ फेविकॉल लावून प्रथम भरड, मग मध्यम, मग बारीक वाळू पेरावी. कड्यावरून सुटलेले मोठे धोंडे खाली पायथ्याशी जमतात. वाळूही त्याच न्यायाने पडू द्यावी.

६. रंग, झाडी, पाणी

रंग लावण्यापूर्वी ऋतू ठरवावा. वैशाखातील दरी करडी-तपकिरी असते, गवत वाळलेले असते आणि पात्रात डबकी उरतात. श्रावणात कड्यांवर शेवाळ येते आणि कुंडांतून पाणी कोसळते. दोन्ही ऋतू एकाच फळीवर आले की प्रतिकृती खोटी पडते.

प्रथम काजळी वा कोळशाची वस्त्रगाळ पूड, थोडा गेरू आणि पातळ फेविकॉल यांचा पाण्यासारखा पातळ रंग साऱ्या कड्यावर सोडावा. तो आपोआप खाचांत उतरतो व तेथे सावली धरतो. तो वाळल्यावर वर्गात उरलेल्या खडूंची पूड थोड्या कोळशात मिसळून राखी रंग करावा. कुंचला त्यात बुडवून कापडावर जवळजवळ कोरडा पुसावा आणि कड्यावरून हलकेच फिरवावा. फक्त उंचवटे उजळतात आणि जो पोत आतापर्यंत हाताला कळत होता तो दिसू लागतो. मुलांना या क्षणी होणारा आनंद पाहण्यासारखा असतो.

गवतासाठी सुताराकडील भुसा चाळून पातळ रंगात भिजवून वाळवावा. चहाचा चोथा रानातील पाचोळ्यासाठी उत्तम. तो दोन-तीनदा धुऊन साखर काढून टाकावी व कडक उन्हात वाळवावा, नाहीतर मुंग्या व बुरशी ठरलेलीच. झाडांसाठी वाळलेल्या तुळशीच्या दोन सेंटिमीटरच्या काड्या घ्याव्यात व त्यांवर जुन्या स्पंजाचा चुरा चिकटवावा. हे पानझडी रान आहे. वैशाख दाखवायचा असेल तर बरीच झाडे निष्पर्णच ठेवावीत. झाडे रांगेत लावू नयेत. ओघळीच्या कडेने दाट, कड्यावर विरळ.

नदीला निळा कागद नको. पात्राचा तळ काळपट हिरवा-तपकिरी रंगवावा, वाळू व चार धोंडे बसवावेत आणि जेथे पाणी दाखवायचे तेथे फेविकॉलचे पातळ थर एकावर एक द्यावेत. प्रत्येक थर पारदर्शक झाल्यावरच पुढचा. घाई केल्यास पाणी दुधाळ राहते.

लेण्यांच्या तोंडांशी काळा ठिपका काढून भागत नाही. आतील पोकळीस काळा कागद लावावा, म्हणजे खरा अंधार दिसतो. दहाव्या लेण्याची कमान मात्र जाड कागदात नीट कापून बसवावी. तिच्या दर्शनी भागावर एक शिलालेख आहे. वासिठीपुत कटहादि याने हा दर्शनी भाग दान दिल्याचे तो सांगतो. दात्याचे नाव टिकले; छिन्नी चालवणाऱ्या असंख्य हातांची नावे टिकली नाहीत. ती कमान कापताना मी मुलांना हे आवर्जून सांगतो.

काळही ठरवावा लागतो. आज सर्व लेण्यांना जोडणारी वाट अलीकडची आहे. प्राचीन काळी लेण्यांतून नदीकडे उतरणारे स्वतंत्र जिने होते. पाचवे शतक दाखवायचे असेल तर जोडवाट व कठडे गाळावेत आणि जिने दाखवावेत. आजचा अजिंठा दाखवायचा असेल तर वाट अवश्य असावी.

७. प्रतिकृतीशेजारची चिठ्ठी

आता आम्ही प्रत्येक प्रतिकृतीशेजारी एक चिठ्ठी ठेवतो. तीवर चार ओळी असतात: प्रमाण काय, ऋतू कोणता, काळ कोणता आणि आम्हांला काय दाखवता आले नाही. चौथी ओळ मुलांनी स्वतः लिहायची असते. “कोरीव खांब एवढ्या लहान मापात करता आले नाहीत”, “सात कुंडांपैकी दोनच दाखवली” असे ती लिहितात. बुद्धांनी जे जसे आहे तसे पाहण्याची शिकवण दिली, असे आपण वंदनेनंतर मुलांना सांगतो. ती शिकवण हाताच्या कामात कशी उतरते, हे या चौथ्या ओळीत दिसते.

पालकांना विनंती अशी की, प्रकल्पासाठी बाजारातून तयार डोंगर आणून देऊ नये. वर्तमानपत्रे, खोकी, नारळाचा काथ्या, जुना स्पंज राखून ठेवावा आणि जमल्यास एक रविवार मुलाशेजारी बसून लगदा मळावा. माजी विद्यार्थ्यांपैकी जे अजिंठा, कार्ले, भाजे वा पितळखोऱ्यास जातील त्यांनी मूर्तींबरोबर तेथील डोंगराचेही छायाचित्र काढून शाळेकडे पाठवावे. थर कसे आहेत, माती कोणत्या रंगाची आहे, झाडे कोठे दाट आहेत, हे आमच्या मुलांना त्यातून कळेल.

फर्दापूरकडील ते पालक पुढल्या प्रदर्शनालाही आले होते. या वेळी फळीवर पुठ्ठ्याचा, लगद्याचा आणि वाळूचा डोंगर होता. त्यांनी कड्याच्या थरांवरून बोट फिरवले, चिठ्ठीतील चौथी ओळ मुलाकडून वाचून घेतली आणि त्याला जवळ घेऊन दरीच्या वरच्या टोकाकडे दाखवत म्हणाले, “हे बघ, वाघूर इथून येते. अन् पावसाळ्यात आम्ही गुरं घेऊन थांबायचो ते या इथं.” प्रतिकृतीवर ती जागा आम्ही दाखवलेली नव्हती. पुढच्या वर्षी दाखवणार आहोत.